‘थ्री विमेन’ : उसनी ओळख आणि स्वप्नाचा रूपबंध

१

रॉबर्ट ऑल्टमन या अमेरिकन दिग्दर्शकाचा ‘थ्री विमेन’ हा चित्रपट १९७७ साली प्रदर्शित झाला. पत्नी रुग्णालयात असताना पडलेल्या एका स्वप्नातून तो सुचला, असे ऑल्टमन सांगत असे. या एका माहितीने चित्रपटाविषयीच्या पुष्कळशा लेखनाला दिशा दिली आणि सोयीची पळवाटही मिळवून दिली. कथानकातील एखादा दुवा लागेनासा झाला की ‘हे स्वप्न आहे’ असे म्हणून पुढे जाता येते. तीन स्त्रियांची व्यक्तिमत्त्वे एकमेकींत का मिसळतात, हा प्रश्न मानसशास्त्राच्या स्वाधीन करता येतो. तीन स्त्रिया म्हणजे एकाच मनाचे तीन स्तर, हे विवरण अशाच वाटेने पुढे आले. ते चूक आहे असे म्हणण्याचे कारण नाही. पण ते अपुरे आहे. या स्त्रिया कोठे नोकरी करतात, काय शिजवतात, कोणाशी बोलतात आणि कोण त्यांच्याशी बोलत नाही, यांपैकी कशाचीही त्या विवरणाला गरज पडत नाही. कलाकृतीचा एवढा मोठा भाग ज्या विवरणाला निरुपयोगी ठरतो, ते विवरण पुन्हा तपासून पाहणे आवश्यक असते.

‘थ्री विमेन’ हा स्वप्नाच्या रूपबंधातून मांडलेला, परंतु मूलतः सामाजिक आशयाचा चित्रपट आहे, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे. माणसाचे ‘मीपण’ त्याच्या अंतरंगात तयार स्थितीत असते की दुसऱ्याच्या नजरेतून ते त्याला लाभते, हा त्यातील मूळ प्रश्न होय.

मराठीत अशा प्रश्नाची चर्चा करताना ‘अस्मिता’ हा शब्द सहज वापरला जातो. योगसूत्रांत अस्मिता ही पाच क्लेशांत गणली आहे. पाहणारा आणि पाहण्याचे साधन एकच आहेत असे भासणे, हा तिचा तेथील आशय. आधुनिक मराठीत मात्र हा शब्द अभिमानवाचक झाला आणि तो भाषेच्या, प्रदेशाच्या वा जातीच्या मागे लागू लागला. या चित्रपटाच्या संदर्भात त्याहून साधा असा ‘ओळख’ हा शब्द अधिक उपयोगी पडतो. एखाद्याची ओळख म्हणजे त्याचे वेगळेपण, आणि एखाद्याशी ओळख म्हणजे परिचय. या दोन अर्थांना मराठीने एकच शब्द दिला आहे. ज्याला कोणी ओळखत नाही त्याला ओळख तरी कोठून असणार, असा एक सूक्ष्म तर्क या शब्दातच दडलेला आहे. ‘थ्री विमेन’मधील मिलीची सारी शोकांतिका या तर्कात सामावते.

२

कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातील एका लहानशा गावी वृद्धांसाठी जलोपचार केंद्र आहे. तेथे पिंकी रोझ (सिसी स्पेसेक) ही बुजरी, पोरसवदा मुलगी नव्याने कामाला लागते. तिला काम शिकवण्याचे मिली लॅमरो (शेली डुव्हाल) हिच्याकडे येते. दोघीही टेक्सासहून आलेल्या. पिंकी पाहताक्षणी मिलीने भारली जाते आणि लवकरच तिच्या सदनिकेत भाडे वाटून राहू लागते. या सदनिकांची मालकी एडगर आणि विली हार्ट या दाम्पत्याकडे आहे. गावाबाहेर ‘डॉज सिटी’ नावाचे, काउबॉय-पटांतील गावाची नक्कल केलेले त्यांचे एक मद्यगृहही आहे. एडगर पूर्वी दूरदर्शनवरील एका काउबॉय-नटाऐवजी धोक्याची दृश्ये करीत असे. विली गरोदर आहे. ती जवळजवळ बोलतच नाही; पोहण्याच्या तलावांच्या भिंतींवर आणि तळांवर खवल्यांच्या, माणूस आणि जनावर यांच्या सीमेवरील आकृतींची चित्रे काढीत राहते.

मिली मात्र अखंड बोलते. जेवणाच्या सुट्टीत ती समोरच्या रुग्णालयातील डॉक्टरांच्या मेजाशी जाऊन बसते आणि पाककृतींविषयी, घराच्या सजावटीविषयी, आपल्यामागे लागलेल्या पुरुषांविषयी बोलत असते. कोणी मान वर करीत नाही. इमारतीच्या तलावाकाठी बसलेले तरुण तिची टवाळी करतात. तिला ती ऐकू येत नाही, किंवा ऐकू येऊनही ती बोलणे थांबवीत नाही. तिची मोटार पिवळी, कपडे पिवळे, घरही त्याच रंगात सजलेले. मोटारीचे दार लावताना तिच्या घागऱ्याचे टोक दरवेळी बाहेर अडकते आणि वाऱ्यावर फडफडत जाते. नीटनेटकेपणाचा एवढा ध्यास असलेल्या या स्त्रीला आपल्या नीटनेटकेपणातून काय सुटून बाहेर लोंबते आहे, हे कधीच दिसत नाही.

मिलीचे बोलणे तिचे स्वतःचे नाही. ते स्त्रियांच्या मासिकांतून, जाहिरातींतून आणि डब्यांवरच्या सूचनांतून आलेले आहे. कमी वेळात होणारे, पाहुण्यांवर छाप पाडणारे, डबाबंद पदार्थांनी सजणारे जेवण हा तिच्या संभाषणाचा आवडता विषय. बेटी फ्रीडनने १९६३ साली ‘द फेमिनिन मिस्टिक’ या ग्रंथात अमेरिकन स्त्री-मासिकांनी घडवलेल्या सुखी गृहिणीच्या प्रतिमेची चिकित्सा केली. त्या प्रतिमेतील गृहिणीला निदान नवरा, मुले आणि घर होते. मिलीजवळ यांपैकी काहीच नाही. तिच्याजवळ केवळ ती भाषा आहे. ज्या आयुष्यासाठी त्या सूचना लिहिल्या गेल्या, ते आयुष्यच नसताना ती त्या काटेकोरपणे पाळते. या विसंगतीतील विनोद ऑल्टमन लपवीत नाही, आणि मिलीला हास्यास्पद ठरवून तो मोकळाही होत नाही. डुव्हालच्या अभिनयाचे मोठेपण येथेच आहे. आपल्याला कोणी ऐकत नाही हे मिलीला ठाऊक आहे की नाही, याचा निर्णय ती प्रेक्षकाला शेवटपर्यंत करू देत नाही. या भूमिकेसाठी तिला १९७७च्या कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार विभागून मिळाला.

पिंकीचे मिलीकडे पाहणे या पार्श्वभूमीवर समजून घ्यावे लागते. ती मिलीला काचेतून न्याहाळते, तिच्या चालीची नक्कल करते, तिची रोजनिशी चोरून वाचते. हे अपहरण आहे, असे सामान्यतः म्हटले जाते. पण मिलीकडे इतक्या एकाग्रतेने पाहणारे, तिचे प्रत्येक वाक्य खरे मानणारे चित्रपटात दुसरे कोण आहे? पिंकी ज्या स्त्रीवर लुब्ध होते ती वस्तुतः कोठेच नाही. मासिकांनी वर्णिलेली, मिलीने होऊ पाहिलेली आणि जगाने नाकारलेली अशी ती स्त्री आहे. पिंकीच्या नजरेत मात्र ती प्रथमच अस्तित्वात येते. म्हणजे पिंकी मिलीकडून काही घेण्यापूर्वी तिला काही देते. ‘ओळख’ या शब्दाचे दोन्ही अर्थ येथे एकत्र येतात.

३

कथानकाला कलाटणी मिळते ती फसलेल्या मेजवानीच्या रात्री. मिलीने मोठ्या हौसेने मांडलेल्या जेवणाला पाहुणे येतच नाहीत. तिचा सारा राग पिंकीवर निघतो. त्याच रात्री ती दारू प्यालेल्या एडगरला घरी घेऊन येते. विली गरोदर आहे, याची पिंकी तिला आठवण करून देते. त्यावर मिली तिला घालून पाडून बोलते. पिंकी सज्जातून तलावात उडी घेते आणि बेशुद्ध अवस्थेत रुग्णालयात जाते. शुद्धीवर आल्यावर टेक्सासहून आलेल्या आईवडिलांना ती ओळखत नाही. ‘पिंकी’ या नावालाही ती ओ देत नाही. आपले नाव मिल्ड्रेड आहे, असे ती बजावते. ‘मिली’ हे मिल्ड्रेडचेच लघुरूप; दोघींचे जन्मनाव एकच. यापुढे पिंकी मिलीच्या रोजनिशीत लिहू लागते, तिची मोटार वापरते, सिगारेट ओढते, एडगरशी सलगी करते. मिलीला जे कधीच साधले नाही ते तिला सहज साधते. तलावाकाठचे तरुण आता तिच्याभोवती जमतात.

भारतीय वाचकाला येथे ‘परकायाप्रवेशा’ची आठवण होणे स्वाभाविक आहे. शंकराचार्यांनी अमरू राजाच्या देहात प्रवेश केल्याची कथा आणि नाथपरंपरेतील तत्सम कथा मराठी मनाला परिचित आहेत. मराठी समीक्षेने तर हा शब्द लेखकाच्या आणि नटाच्या समरस होण्याच्या शक्तीसाठीही योजला आहे. परंतु परकायाप्रवेशाच्या कल्पनेत एक गृहीत असते : देह बदलला तरी प्रवेश करणारा तोच राहतो. शिष्य त्याला ओळखतात आणि कार्य संपताच तो स्वदेही परततो. ‘थ्री विमेन’मध्ये नेमके हेच गृहीत निसटते. येथे देह जागच्या जागी राहतात आणि त्यांत वावरणारी व्यक्तिमत्त्वे सरकत जातात. परतण्यासाठी पिंकीला स्वतःचे असे काही उरलेले नाही. कदाचित ते पूर्वीही नव्हते. मिलीचे व्यक्तित्व उसने होते, पिंकीने ते तिच्याकडून उसने घेतले. उसनवारीची ही साखळी मागे नेत गेल्यास मूळ धनकोपाशी पोहोचताच येत नाही. एडगरचे काउबॉयपण बदली नटाचे, आणि डॉज सिटी हे चित्रपटातल्या गावाची नक्कल. पुरुषाची ओळखही येथे उसनीच आहे. फरक एवढाच, की त्याबद्दल त्याला कोणी हसत नाही.

इंगमार बर्गमनच्या ‘पर्सोना’चा (१९६६) प्रभाव ऑल्टमनने स्वतः मान्य केला होता. तथापि दोन्ही चित्रपटांतील भेद अधिक उद्बोधक आहे. ‘पर्सोना’तील एलिझाबेत ही नामवंत अभिनेत्री ‘इलेक्ट्रा’ नाटकाच्या प्रयोगात एकाएकी मुकी होते. आल्मा ही परिचारिका तिच्यापाशी मन मोकळे करीत जाते. आपल्या कबुलीजबाबांना त्या अभिनेत्रीने अभ्यासविषय केले आहे, हे एका पत्रातून कळताच आल्मा उद्ध्वस्त होते. तेथे ऐकणे हेच अपहरणाचे साधन आहे. मिलीचे दुःख याच्या उलट आहे : तिचे कोणी ऐकतच नाही. बर्गमनच्या स्त्रियांपाशी लपवण्याजोगे अंतरंग आहे. मिलीपाशी ते असेलही, पण ते व्यक्त करण्यासाठी तिला पाककृतींखेरीज भाषा मिळालेली नाही. म्हणून ‘थ्री विमेन’ला केवळ ‘पर्सोना’ची अमेरिकन आवृत्ती म्हणणे अन्यायाचे ठरते. व्यक्तित्वाच्या विलयाचा प्रश्न ऑल्टमनने अस्तित्ववादी एकांतातून काढून नोकरीच्या जागी, वाणसामानाच्या यादीत आणि भाड्याच्या सदनिकेत आणला.

४

स्वप्नाचा रूपबंध येथे कोणते कार्य करतो? स्वप्नात स्थळ तेच राहते, माणसे बदलतात आणि बदलाचे कोणालाच आश्चर्य वाटत नाही. एक व्यक्ती एकाच वेळी दोन व्यक्ती असू शकते. ‘थ्री विमेन’ची रचना याच न्यायाने चालते. जलोपचार केंद्रात दोन जुळ्या बहिणी काम करतात. त्यांना एकमेकींचा घोटाळा होत असेल का, असा भाबडा प्रश्न पिंकीला पडतो आणि चित्रपटाचे सूत्र तेथेच सांगून होते. पाणी सर्वत्र आहे : वृद्धांना चालवण्याचा उथळ हौद, विलीने रंगवलेले तलाव, पडद्यावर अधूनमधून हेलकावणारा पाण्याचा पडदा. वाळवंटातील हे पाणी नैसर्गिक नसून भांड्यात साठवलेले आहे. जेराल्ड बझबीचे बासरीप्रधान, सुरांचे ठरावीक समाधान नाकारणारे संगीत प्रेक्षकाला स्थिर होऊ देत नाही.

असे असूनही चित्रपट धूसर नाही. मिलीच्या फ्रिजमधील डबे, मेजावरचे पदार्थ, वृद्धांची सुरकुतलेली पावले ही सारी स्पष्ट, जवळजवळ रूक्ष तपशिलांत येतात. मराठी समीक्षेत ‘स्वप्नसदृश’ हे विशेषण अनेकदा ‘अस्पष्ट’ या अर्थाने वापरले जाते. वस्तुतः स्वप्नातील वस्तू बहुधा अतिस्पष्ट असतात. त्यांतील संबंध तेवढे हरवलेले असतात. ऑल्टमनने हे ओळखले. मिलीच्या जगातील वस्तू आणि त्या वस्तूंचा हेतू यांच्यातील संबंध आधीच तुटलेला आहे. पाहुण्यांसाठी मांडलेले जेवण आहे, पाहुणे नाहीत. अशा जगाचे वास्तव चित्रण केले तरी ते स्वप्नासारखेच दिसेल.

५

येथे एक गंभीर आक्षेप विचारात घ्यावा लागतो. हे स्वप्न पुरुषाला पडलेले आहे. लॉरा मल्व्ही हिने १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात रूढ चित्रपटांतील पुरुषकेंद्री नजरेची मीमांसा केली. तिच्या प्रकाशात पाहता, स्त्रियांची व्यक्तिमत्त्वे विरघळणारी, परस्परांत सहज मिसळणारी आहेत, ही कल्पनाच पुरुषाच्या नजरेची निर्मिती नव्हे काय?

या आक्षेपाचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. पहिली गोष्ट ही, की ऑल्टमनला स्वप्नात हे कथानक दिसले नव्हते. वाळवंट, डुव्हाल आणि स्पेसेक या दोघी आणि व्यक्तित्वाच्या चोरीविषयी एक चित्रपट आपण करीत आहोत, एवढेच त्याला दिसले होते. चित्रपट उभा राहिला तो पुढच्या तपशिलांतून. मिलीची रोजनिशी, तिच्या पाककृती आणि तिच्या तोंडची बरीचशी भाषा स्वतः शेली डुव्हालने रचली. डुव्हाल आणि स्पेसेक दोघीही प्रत्यक्षात टेक्सासच्या. म्हणजे स्वप्नाची चौकट दिग्दर्शकाची, पण तिच्यात भरलेले जग एका स्त्रीने निरीक्षणातून आणि उपरोधातून उभे केलेले. या चित्रपटात जे सर्वांत जिवंत आहे ते नेमके तिच्या वाट्याचे आहे. चित्रपटाचे कर्तृत्व एकट्या दिग्दर्शकाच्या नावे मांडणारी समीक्षा हा वाटा नजरेआड करते. २००६ साली ऑल्टमनचे आणि २०२४ साली डुव्हालचे निधन झाले. या कलाकृतीचे मूल्यमापन करताना दोघांचे ऋण वेगवेगळे मांडणे आता अगत्याचे आहे.

दुसरा भाग चित्रपटाच्या विरोधात जातो. जेथे स्त्रीच्या अनुभवाचा हा आधार लाभलेला नाही, तेथे आक्षेप खरा ठरतो. विली हे त्याचे उदाहरण. जॅनिस रूलच्या चेहऱ्यावरील थकवा विलक्षण असला, तरी विलीला चित्रपटाने मौन, गर्भ आणि गूढ चित्रे एवढेच दिले आहे. ती आदिमायेसारखी भासते. पण मिलीला जशी वाणसामानाची यादी आहे, तसे तिला काहीच नाही. बोधी विंडने रंगवलेली भित्तिचित्रे प्रभावी आहेत. त्यांतील दांडगा पुरुष आणि त्याच्या सावटाखालील स्त्रिया यांतून कथेचा पूर्वसंकेतही मिळतो. परंतु विली ही चित्रे का काढते, या प्रश्नाकडे चित्रपट वळत नाही. तिसरी स्त्री ही स्वप्नातली स्त्री राहते. शीर्षकात तीन स्त्रिया असल्या, तरी चित्रपटात व्यक्ती म्हणून दोघीच उभ्या राहतात.

६

शेवटचा भाग सर्वाधिक वादाचा आहे. एका रात्री दुःस्वप्नाने घाबरलेली पिंकी मिलीच्या कुशीत शिरते. त्याच वेळी दारू प्यालेला एडगर येऊन विलीला कळा सुरू झाल्याचे सांगतो. दोघी धावतात. विली एकटी आहे. मिली पिंकीला डॉक्टरला आणण्यास सांगते आणि स्वतः बाळंतपण करू लागते. पिंकी दूर उभी राहून नुसती पाहत राहते. मूल मृत जन्मते. रक्ताने भरलेल्या हाताने मिली पिंकीच्या थोबाडीत मारते. या प्रसंगात मिली प्रथमच कोणत्याही मासिकात न सापडणारी कृती करते. तिच्या तोंडी तेथे एकही उसने वाक्य नाही. ती जी काही आहे, ती याच काही क्षणांत दिसते. आणि तेव्हाही तिच्याकडे पाहणारी पिंकीच असते, जी पाहण्यापलीकडे काही करू शकत नाही. आतापर्यंत ओळख देणारी नजर येथे एका जिवाला महाग पडते. पाहणे आणि धावून जाणे यांतील अंतर चित्रपटाने एवढ्या कठोरपणे अन्यत्र दाखवलेले नाही.

त्यानंतर डॉज सिटीत तिघी एकत्र राहताना दिसतात. एडगर बंदुकीच्या अपघातात मेल्याचे कळते. तो अपघात होता की नाही, हे चित्रपट सांगत नाही. पिंकी पुन्हा लहान मुलीसारखी वागते आणि मिलीला आई म्हणते. मिलीने विलीसारखा वेश आणि तिचा कठोरपणा घेतला आहे. विली आजीच्या जागी गेली आहे. आपल्याला एक छान स्वप्न पडले होते, पण ते आठवत नाही, असे ती म्हणते. पुरुषविरहित स्त्रीकुटुंबाचे हे मुक्तिचित्र आहे, असे काहींनी मानले आहे. ते स्वीकारणे कठीण आहे. पुरुष गेला, पण कुटुंबातील जागा तशाच राहिल्या. आज्ञा देणारी, आज्ञा पाळणारी आणि मध्ये पडून समजूत घालणारी अशी ती उतरंड आहे. मिलीला अखेर ऐकणारे माणूस मिळाले. त्यासाठी तिला आईची भूमिका घ्यावी लागली. पिंकीला अखेर घर मिळाले. त्यासाठी तिला लेकरू व्हावे लागले. समाजाने स्त्रीसाठी आखलेल्या तीन जागा तिघींनी वाटून घेतल्या आहेत आणि व्यक्ती म्हणून त्या आता अधिकच दिसेनाशा झाल्या आहेत. हा शेवट शांत आहे. म्हणूनच तो भयावह आहे.

७

मराठी साहित्याच्या अभ्यासकाने या चित्रपटाची दखल का घ्यावी, हा प्रश्न रास्त आहे. १९७५नंतरच्या मराठी स्त्रीलेखनाची चर्चा ‘आत्मशोध’ आणि ‘स्वत्वाची जाणीव’ या संकल्पनांभोवती फिरत राहिली. त्या संकल्पनांनी मोठे कार्य केले, यात शंका नाही. परंतु ‘शोध’ या शब्दात एक गृहीत आहे : शोधायची वस्तू कोठेतरी अगोदरच आहे, वरची पुटे काढली की ती सापडेल. त्यामुळे ज्या नायिकेला आत काही गवसत नाही तिचा शोध अपुरा ठरवला जातो आणि ज्या कृतीत व्यक्तिरेखांच्या सीमा पुसट होतात ती दुर्बोध म्हणून बाजूला सारली जाते. १९७५ साली एकत्र प्रसिद्ध झालेल्या कमल देसाई यांच्या ‘काळा सूर्य’ आणि ‘हॅट घालणारी बाई’ या लघुकादंबऱ्यांवर दुर्बोधतेचा असा शिक्का सहज बसू शकतो.

‘थ्री विमेन’ या गृहीतालाच धक्का देतो. आत दडलेले स्वत्व शोधण्याआधी त्या स्त्रीला कोणती भाषा उपलब्ध होती, ती बोलताना कोण ऐकत होते आणि तिला ओळख देणाऱ्या नजरेने तिच्याकडून कोणती भूमिका मागितली, हे प्रश्न विचारावे लागतात. हे प्रश्न विचारले, की स्वप्नाचा रूपबंध वास्तवापासूनची पळवाट राहत नाही. जे वास्तव बोलणाऱ्याला ऐकणाराच देत नाही, त्याचे ते यथातथ्य चित्रण ठरते. मिलीच्या मोटारीच्या दारात अडकलेले घागऱ्याचे टोक चित्रपटातील प्रत्येकाला दिसू शकले असते. कोणीही तिला ते सांगितले नाही.